तीन वर्षांत फायदा दाखवा नाहीतर पैसे बंद?

देवगडची बाग: काल इथे एकाने लिहिलंय की सरकारने तीन वर्षांत लोकांच्या उपयोगी पडेल त्याच संशोधनाला पैसे द्यावेत, कातळशिल्पांवर, म्हणजे कोकणातल्या कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांवर, पीएचडी करणाऱ्यांना एक रुपया नको. डोकं फिरलं वाचून. हापूसचं कलम लावून तीन वर्षांत पेट्या भरता का तुम्ही? ब्रिटनमध्ये २०१४ ला विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन झालं त्यात समाजावरच्या परिणामाला २० टक्के वजन होतं, २०२१ ला २५ केलं. परिणाम अलीकडचा हवा, पण त्यामागचं संशोधन २०१४ च्या फेरीत १९९३ पर्यंत मागचं चाललं. एवढा धीर त्यांनी धरला. आणि ती कातळशिल्पं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आता सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, माणसं बघायला येतात ती कोणामुळे?

सडेकर: ती पोस्ट माझीच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ ला रत्ना आंबा काढला, हापूससारखा साका होत नाही त्यात, म्हणजे गर आतून खराब होत नाही, मान्य. तुमच्या बागेत किती कलमं आहेत रत्नाची? आमच्या वाडीत संशोधकांनी तीनदा येऊन माती नेली, फॉर्म भरून घेतले, परत एकजण फिरकला नाही. पैसे आमच्या टॅक्सचे आणि आम्हालाच उत्तर नाही.

खाडीपल्याड: मी कॉलेजात शिकवते. चार वर्षं विहिरींचं खारं पाणी तपासलं, मराठीत अहवाल करून ग्रामपंचायतीला दिला, त्यांनी दोन विहिरी पिण्यासाठी बंद केल्या. आमच्या मूल्यमापनात त्याला शून्य, कारण पेपर नाही. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठांच्या क्रमवारीत, पेपर, सायटेशन, पेटंट मोजतात, लोकांनी कुठलं पाणी प्यायचं थांबवलं ते कुठल्या रकान्यात लिहू?

सडेकर: ताई, तुमचं काम चांगलं. पण उपयोगच मोजायचा तर नुकसान पण मोजा की. झाडाला मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं ते कल्टार औषध कोणी आणलं कोकणात? दरवर्षी आंबा हवा म्हणून ओतलं आणि बागा बसल्या.

देवगडची बाग: विद्यापीठाला कशाला बोल लावता? दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे, झाडाच्या विस्ताराच्या एका मीटर व्यासाला ३ मिली, १५ जुलै ते १५ ऑगस्ट. कराराने बाग घेणारे दुप्पट ओततात, त्यांना झाड पाच वर्षंच हवं असतं.

सडेकर: मला शिकवू नका!! बाबांनी लावलेली अकरा कलमं वाळली माझी, त्यांनी खांद्यावरून पाणी आणून जगवलेली. शिफारस कागदावर काढली की संशोधन संपलं का? करारदार काय करतोय ते बघायला कोण आलं?

खाडीपल्याड: हे मात्र खरंय. बघायला जाण्याचे गुणच नाहीत आम्हाला. गेलो तर रजा टाकून.

देवगडची बाग: अकरा म्हणजे फार झालं हो. पण तीन वर्षांची अट घातली असती तर कोणी झाडाकडे बघितलंच नसतं, कल्टार घातल्यावर पहिली तीन वर्षं तर नुसता आंबाच आंबा दिसतो.

सडेकर: बरं, तीन वर्षं चुकलं माझं, दहा करा. पण संशोधकांना माघारी येऊन बघायचं बंधन घाला.

देवगडची बाग: तुमच्या कलमांना करारदाराने किती घातलं होतं?

सडेकर: तेच तर अजून कळलं नाही.