अनुभव धागा: बैठकीत सुटलेलं लग्न कोर्टात कधी सुटतं?

मागच्या आठवड्यात मामेबहिणीचं दुसऱ्यांदा जुळत आलं होतं. मुलाकडच्यांनी एकच विचारलं, "कोर्टाचा कागद आहे का?" तिच्याकडे होता स्टॅम्प पेपर. सोयऱ्यांच्या बैठकीत लिहिलेला, दोघांच्या सह्या, खाली पाच पंच, वर नोटरीचा शिक्का. तीन वर्षं आम्ही सगळे त्यालाच फारकत समजत होतो. आमच्या दारव्ह्याकडे असे कागद किती पेट्यांमध्ये पडले असतील कोण जाणे. ज्यांनी हे निस्तरलं त्यांनी लिहा. नावं नकोत.

वणीकडची
माह्यापाशीही तोच कागद होता. वकीलबाई म्हणाल्या, सांभाळून ठेव, दोघं राजी होते हे दाखवायले कामी येईल. पण लग्न याच्यानं मोडत नाही. रूढीच्या घटस्फोटाले कायद्यात जागा आहे, पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार आहे हे सिद्ध करा लागते. बैठक बसली म्हणजे रूढी होत नाही. आमी बौद्ध, तरी 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागू, हेही तवाच समजलं.

मंग दोघांनी मिळून अर्ज टाकला. एक वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, ते तर कवाचंच झालं होतं. पुढं सहा महिने थांबा लागते. पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगतलं का समेटाची आशाच नसंल तर हे सहा महिने माफ होऊ शकतात. आमाले माफ झाले. अडलं कशावर, तर लग्नाचा पुरावा म्हणून मागितलेल्या लग्नपत्रिकेवर! कोणापाशीच नव्हती. शेवटी आत्याच्या पोथीत खूण म्हणून ठेवलेली सापडली.

कोरडवाहू तीन एकर
दुसरी बाजूही ऐका. बायको माहेरी गेली ती आलीच नाही. तिनं पोटगीचा दावा तिच्याच तालुक्यात लावला, तसा तिला हक्क आहे. मला प्रत्येक तारखेला दोन एसट्या बदलून जावं लागे आणि तिथं कळे, साहेब रजेवर. सातबारा बाबांच्या नावावर म्हणून मी निर्धास्त होतो. पण कोर्टानं उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र मागितलं, दुधाचे पैसे ज्या खात्यात येतात तेसुद्धा निघालं. तीन हजार महिना ठरली, तीही अर्ज केल्याच्या तारखेपासून. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालापासून तसंच धरतात म्हणे. दोन वर्षांची थकबाकी एकदम आली, त्या साली सगळी तूर त्यातच गेली. राग होता. आता मुलगी सुट्टीत येते, तेव्हा कमी होतो.

माहेरवाशीण, मेहकर
भावानं वकिलासाठी दोन बकऱ्या विकल्या. नंतर कळलं, बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तेव्हा कोणी बोललंच नाही.

वणीकडची
ताई, बकऱ्यांचं वाचून पोटात कालवलं. पोरगी असंल तर ध्यानात ठेवजा, बापाच्या वडिलोपार्जित वावरात तिचा हक्क आपल्या फारकतीनं जात नाही. बैठकीत हे लिहून घेतात का ‘पुढे कोणताही हक्क सांगणार नाही’. आपण आपल्यापुरतं लिहून देऊ, लेकराचं नाही.

पुसदचा एक
माझ्या चुलतभावानं स्टॅम्प पेपरवर भरवसा ठेवून दुसरं लग्न केलं. पहिलीनं तक्रार केली. दुसरं लग्न कायद्यानं शून्य, वर गुन्हा. त्या दुसऱ्या पोरीचं काय चुकलं होतं, याचं उत्तर पंचांपैकी एकानंही दिलं नाही.

धागाकर्ती
काल मामा बहिणीच्या पहिल्या नवऱ्याकडे जाऊन आले. भांडण होईल म्हणून सोबत दोघं नेले होते. तो चहा पाजून म्हणाला, "माझंही जुळून राहिलं मामाजी, त्यांनीही कागदच मागितला." सोमवारी दोघं एकत्र अर्ज टाकणार आहेत. हुकूम हातात येईपर्यंत साखरपुड्याचं नावही काढायचं नाही, असं मामीनं बजावलंय. पत्रिका मात्र अजून सापडली नाही.