पोल व्हॉल्टचे पोल ट्रेनमधून नेण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पोल व्हॉल्ट (लांब काठीच्या आधाराने उंच उडी) करते. पुढच्या महिन्यात परराज्यात स्पर्धा आहे, स्लीपरची तिकिटं काढली आहेत. प्रश्न पोलचा आहे. चार मीटरच्या वर लांबी, ना दुमडता येत ना सुटे करता येत.

मागच्या वेळी साइड लोअरखाली लांबीने सरकवले होते, कुणाच्या पायात येत नव्हते. तरी टीसीने मध्यरात्री उठवून खाली उतरा म्हणून सांगितलं. दंड भरल्यावरच विषय मिटला, तोवर पोरगी रडकुंडीला आली होती. जानेवारी २०२६ मध्ये पनवेलला देव मीणासारख्या राष्ट्रीय विक्रमवीरालाही पोलवरून अडवलं होतं, तिथे आमचं कोण ऐकणार?

नियम मी वाचलाय. स्लीपरला ४० किलो मोफत, पण पेटीचं माप १००×६०×२५ सेंमी. त्याहून मोठं सामान बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) टाकायचं. पोल वजनाला किरकोळ, अडतो तो फक्त लांबीत. आणि ब्रेकव्हॅनमध्ये त्यावर पेट्या, मोटरसायकली पडल्या तर? फायबरग्लासला चीर गेली की तो पोल उडी मारताना तुटू शकतो. मला भीती त्याची आहे.

लगेज ऑफिसात रीतसर पैसे भरून पोल डब्यातच ठेवायची लेखी परवानगी कुणाला मिळाली आहे का? अर्ज स्टेशन मास्तरांकडे की डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसच्या कमर्शियल विभागात? संघटनेचं पत्र चालतं का? आणि ब्रेकव्हॅनने पाठवलेच असतील तर पॅकिंग कसं केलंत, तेही कृपया सांगा.