पपईच्या चिकातलं पपेन शुद्ध करायचंय, कॉलमसाठी कॉम्प्युटर मॉडेलिंग खरंच कामाला येतं का?

शहाद्याकडचा:
नमस्कार मंडळी, शहाद्याजवळ आमचं छोटं एन्झाइमचं युनिट आहे. पपईला चिरे पाडून निघणारा चीक शेतकऱ्यांकडून घेतो आणि पपेनची, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमची, कच्ची पावडर करून विकतो. आता एका गिऱ्हाईकाला शुद्ध माल हवाय म्हणून कॅटायन एक्सचेंज कॉलम लावला, म्हणजे ऋण चार्जच्या रेझिनच्या दाण्यांनी भरलेली नळी. पीएच ५ ला प्रोटीन त्यावर बांधून मिठाच्या ग्रेडियंटने, म्हणजे मीठ हळूहळू वाढवत, सोडवतो. ५ मिलीच्या कॉलमवर पपेन आणि चिकातलंच दुसरं एन्झाइम कायमोपपेन बरे वेगळे होतात पण २ लिटरवर गेलो की दोन्ही पीक (ग्राफवरचे उंचवटे) एकमेकांत घुसतात. प्रत्येक ट्रायलला चीक, बफर, अख्खा दिवस जातो आणि मे महिन्यात इकडे काय ऊन असतं ते तुम्हाला माहीतच आहे, माल टिकत नाही. कोणी म्हणतं सॉफ्टवेअरवर मॉडेल कर, ट्रायल कमी होतील. आमच्यासारख्या लहान माणसाने यात पडावं का?

तापीकाठ:
पडा भाऊ, नक्की पडा, पण आधी कॉलम मोजा. सॉफ्टवेअर फुकट आहे, जर्मनीतल्या युलिशच्या संशोधन संस्थेने केलेलं कॅडेट, पायथनमधून चालतं, साध्या लॅपटॉपवर होतं. अडतं ते आकड्यांवर. ॲसिटोनचा छोटा पल्स, म्हणजे एकदम सोडलेला थोडासा डोस, द्या आणि ब्लू डेक्सट्रानचा एक द्या, ॲसिटोन रेझिनच्या छिद्रात शिरतं, डेक्सट्रान एवढं मोठं की बाहेरूनच निघून जातं, दोन्हीच्या फरकावरून छिद्रांची जागा किती ते कळतं. मग कॉलम काढून नुसत्या नळ्यांवर तोच पल्स द्या. मोठ्या स्किडवर (कॉलम चालवणाऱ्या यंत्रावर) पंप, मिक्सर, नळ्या यांचा व्हॉल्यूम धरलेलाच नसतो आणि पीक पसरण्यात त्याचा हात असतो. तुमची अडचण निम्मी तरी इथेच असेल असं मला वाटतं, प्रोटीनकडे नंतर बघा.

केमिकलवाली ताई, जळगाव:
तापीकाठ भाऊंचं बरोबर, पुढचं मी सांगते. माल अगदी थोडा भरून तोच रन वेगवेगळ्या उताराच्या ग्रेडियंटने घ्या, काही हळू काही झपाट्याने, आणि पीक बाहेर येताना मीठ किती होतं ते कंडक्टिव्हिटीवरून लिहून ठेवा. ग्रेडियंटचा उतार आणि ते मीठ, दोन्हीचे लॉग काढून ग्राफ मांडला की सरळ रेघ येते, तिच्या उतारातून एक वजा केला की प्रोटीन रेझिनला किती चार्जने धरतं ते मिळतं. १९९२ मध्ये ब्रूक्स आणि क्रेमरने मांडलेलं स्टेरिक मास ॲक्शन मॉडेल हेच वापरतं, मोठा रेणू बसला की शेजारच्या चार्जच्या जागाही झाकून टाकतो हे त्यात धरलेलं आहे, त्यामुळे कॉलम भरून लोड केला की पीकचा आकार का बदलतो ते दिसतं. पण झाकल्या जाणाऱ्या जागांचा आकडा थोड्या लोडच्या रनमधून निघत नाही हां, त्यासाठी भरपूर माल सोडून ब्रेकथ्रू, म्हणजे कॉलम भरून माल बाहेर यायला लागेपर्यंतचा रन, घ्यावाच लागतो.

आणि एक, २८० नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशाचा सिग्नल म्हणजे सगळ्या प्रोटीनची बेरीज. त्यावरच फिट केलं, म्हणजे मॉडेलचे आकडे जुळवले, तर मॉडेल सुंदर जुळेल आणि तरी चुकीचं असेल. फ्रॅक्शन (कॉलममधून निघणारे वेगवेगळे भाग) गोळा करून केसीनवर, म्हणजे दुधातल्या प्रोटीनवर, ॲक्टिव्हिटी बघा, आणि कायमोपपेनही केसीन तोडतं म्हणून सोबत प्रोटीनं वेगळी करून दाखवणारं जेल चालवाच.

शहाद्याकडचा:
ताई, ॲक्टिव्हिटीच तर पडते आमची. सकाळच्या फ्रॅक्शनची संध्याकाळी निम्मी होते, मॉडेलमध्ये ते कुठे धरायचं?

केमिकलवाली ताई, जळगाव:
ते मॉडेलमध्ये धरू नका, आधी थांबवा. पपेनचं काम त्याच्या साखळीतल्या २५ नंबरच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर चालतं, ते हवेने ऑक्सिडाइज होतं, शिवाय जागं पपेन स्वतःलाच खातं. टेट्राथायोनेट या रसायनाने तात्पुरतं बंद करून शुद्ध करा, शेवटी सिस्टीन देऊन जागं करा. सगळ्या रनमध्ये एकाच अवस्थेत ठेवा, नाहीतर एका कॉलमवर दोन वेगळी प्रोटीनं चालवल्यासारखं होईल आणि कुठलंच गणित बसणार नाही.

बागवान भो:
मी कॉलमवर कामाला आहे, मॉडेलचं जास्त कळत नाही, पण भो, टेंपरेचर धरा. बफर थंड असला की घट्ट होतो, प्रेशर वाढतं, रेणू छिद्रात हळू शिरतात. लॅबमधला कॉलम एसीत आणि मोठा शेडमध्ये असेल तर मॉडेलचं उत्तर तिकडे लागू होणारच नाही. दुसरं, मोठ्या कॉलमला बेडची उंची तीच ठेवून फक्त व्यास वाढवा, स्पीडही मिलीत न बघता सेंटीमीटर प्रति तासात बघा. आणि पॅकिंग नीट आहे का ते त्याच ॲसिटोनच्या पीकवरून समजतं, शेपटी निघाली तर परत पॅक करा.

शहाद्याकडचा:
शेडमध्येच आहे मोठा कॉलम. आधी तो आत घेतो आणि नळ्यांचा पल्स काढतो. मग त्या लॉगच्या ग्राफला लागतो, आकडे आले की इथेच टाकीन, ताई तेवढं फिट बघून द्या.

तापीकाठ:
टाका. आणि भाऊ, फिट जुळलं की त्यात न वापरलेला एक ग्रेडियंट आधी कॉम्प्युटरवर चालवा, पीक कुठे येणार ते कागदावर लिहा आणि मगच कॉलमवर घ्या. ते जुळल्याशिवाय २ लिटरवर चीक घालू नका.