जुना १२१० टिपर: हौदा उचलला की आपोआप खाली उतरतो, जॅकचं काम कसं करावं?

डिचोलीचा टिपर
नमस्कार मंडळी. बाबांचा १९८४ सालचा टाटा १२१० टिपर आहे. तो खाणीवर चालायचा. डिचोलीत माल भरायचा, मांडवीकाठच्या जेट्टीवर ओतायचा आणि पुढे बार्ज मुरगावला न्यायची. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हापासून तो मांगराशेजारी (शेतातल्या खोपीशेजारी) पत्र्याखाली उभा आहे. बाबा गेल्या वर्षी गेले. गाडी भंगारात घालायला मन होत नाही, म्हणून ती चालू करायला घेतली. इंजिन लागलं, ब्रेक करून घेतले. आता घरचे चिरे आणि शेणखत वाहण्यापुरता हौदा नीट उठला तरी पुरे.

पीटीओ (इंजिनाच्या जोरावर तेलाचा पंप फिरवणारी जोडणी) टाकला की हौदा उठतो, पण पंप किंचाळतो. अर्ध्यावर ठेवला तर वीस मिनिटांत वीतभर खाली येतो. हौदा उचलणाऱ्या जॅकच्या तोंडाशी तेल पाझरतं. टाकीतलं तेल ताकासारखं पांढरं झालंय. कुठलं तेल घालू? सीलं घरी बदलता येतील का? काल माडाचा ओंडका टेकू लावून ग्रीस मारायला आत शिरलो होतो, तेव्हा मागच्या पिना गंजलेल्या दिसल्या.

फोंड्याचा मिस्त्री
दादा, तेलाचं नंतर. आधी तो ओंडका फेका.

तुमचा हौदा वीस मिनिटांत वीतभर उतरतो म्हणजे तेल कुठून तरी सुटतंय. आज हळू सुटतंय. उद्या होज, म्हणजे जॅकला तेल नेणारा रबरी पाईप, फुटला तर हौदा किती वेळात चॅसीवर आदळेल ते मी पाहिलंय: हाक मारायलाही वेळ मिळत नाही. मी शिकाऊ असताना आमच्याच गॅरेजात एक पोरगा कपलिंगला ग्रीस मारत होता. हौदा रिकामा होता आणि टेकू म्हणून लाकडी ठोकळा होता. ठोकळा उभा चिरला. पोराचा जीव वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: तेलावर उभ्या असलेल्या हौद्याखाली बोटसुद्धा घालायचं नाही. ग्रीसगन घेऊन नुसता हात आत घालणं हेही आत जाणंच.

टेकू लोखंडाचा हवा, जाड चॅनेलचा, दोन्ही बाजूंना एकेक. वरचं टोक हौद्याच्या आडव्या चॅनेलला पिनने टांगलेलं आणि खालचं चॅसीवरच्या खोबणीत बसणारं, म्हणजे धक्क्याने निसटणार नाही. ती खोबण चॅसीला वेल्ड करू नका. बोल्टने बसवा आणि भोकं उभ्या पट्टीत पाडा, वरच्या-खालच्या कडेला नाही. टेकू बिजागरीला चिकटून नको, कारण तिथे त्याच्यावर भार फार येतो. पहिल्यांदा हे सगळं बसवताना हौदा हायड्रा क्रेनच्या पट्ट्यांवर धरून ठेवा. हायड्राच्या भाड्याकडे बघू नका.

हौदा नेहमी रिकामा आणि गाडी सपाट, टणक जमिनीवर असावी. आपल्याकडे पावसात लाल माती खचते, हे विसरू नका. हौदा हळूच टेकूवर बसवायचा, पीटीओ काढायचा, इंजिन बंद करायचं, चावी खिशात ठेवायची, बॅटरीची वायर सोडायची. केबिनमध्ये कुणी बसायचं नाही. घरातली पोरं असतील तर आधी त्यांना लांब पाठवा, पोरांना लिव्हर ओढून बघायची हौस असते.

हायड्रॉलिक_इचलकरंजी
मिस्त्रींनी सांगितलंय ते आधी करा. मग आजाराकडे येऊ.

पांढरं तेल म्हणजे तेलात पाणी. इतके पावसाळे गाडी उभी होती. ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या भोकातून, दमट हवा टाकीत गेली आणि तिचं पाणी झालं. वर नवीन तेल ओतून भागणार नाही. टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतून स्वच्छ कापडाने पुसा. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूच्या, जाळीत अडकतात. तीच जाळी आता तुंबलेली असणार, पंप त्यामुळेच किंचाळतो. सक्शन पाईपचे क्लिपही आवळा, तिथून हवा ओढली जाते. तेल हायड्रॉलिक ६८ नंबर घाला, आपल्या उष्ण हवेला ते बरं. इंजिनचं जुनं तेल नको आणि ब्रेक ऑईल तर अजिबात नको, रबरी सीलं फुगून वाया जातील. तेलाची पातळी हौदा पूर्ण खाली असतानाच बघा. वर असताना टाकी भरली तर हौदा खाली येताच तेल उतू जातं.

हौदा का उतरतो ते शोधायला, रिकामा हौदा टेकूच्या चार बोटं वर थांबवा, खडूने खूण करा आणि बाहेरूनच बघत बसा. जॅकच्या तोंडातून तेल वाहत असेल तर सील गेलंय. बाहेर थेंबही नाही आणि तरी हौदा उतरतो, तर वॉल्व्ह नीट बसत नाही किंवा पिस्टनचं आतलं सील गेलंय. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत. जॅक उतरवून हायड्रॉलिक वर्कशॉपला द्या. रॉडवरून नख फिरवा: नख अडकलं तर क्रोमला गंजाचे खड्डे आहेत, आणि अशा रॉडवर नवीन सील महिनाभरही टिकणार नाही. आधी रॉडला परत क्रोम करावं लागेल.

रिलीफ वॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की तेल सोडून देणारा वॉल्व्ह, "जरा आवळून" देणारे पुष्कळ भेटतील. आवळू देऊ नका. हौदा जोरात उठेल, पण तो दाब होज आणि जॅकच्या वेल्डवर येईल.

आणि बारीक गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातून दाबाने येणारं तेल कातडीत घुसतं. दिसायला काटा टोचल्यासारखं, दुखतही नाही, पण आत मांस सडायला लागतं. असं झालंच तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

खडीवाला
पीटीओ काढल्याशिवाय गाडी हलवू नका. हौदा वर गेलेला आरशात कळत नाही आणि मांगराजवळ विजेच्या तारा असतातच. हौद्याला वेल्डिंग करायचं झालं तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावा, नाहीतर करंट जॅकच्या पिनांतून जाऊन रॉड खराब होतो.

डिचोलीचा टिपर
सगळ्यांचे मनापासून आभार. ओंडका काल फोडून चुलीला दिला.

आज हौदा पूर्ण खाली बसवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन-तीनदा हलवून दाब काढला आणि मग होज सोडला. पुसल्यावर त्यावर २००४ साल दिसलं. रबर वाकवलं की भेगा उघडतात, एका जागी आतली तार दिसते. याच होजवर परवा मी हौद्याखाली होतो. आईला अजून सांगितलेलं नाही.

टेकूचं चॅनेल आणलंय, सोमवारी हायड्रा येतेय. मिस्त्रीदादा, नवीन होज दोन तारांच्या जाळीचा घेऊ ना? आणि तो फुटला तर तेल अडवणारा वॉल्व्ह थेट जॅकच्या तोंडावर बसतो असं ऐकलंय, तो १२१० ला बसवलाय का कुणी?

फोंड्याचा मिस्त्री
होज दोन तारांचाच घ्या, आणि त्यावरची तारीख दुकानातच वाचा. सहा वर्षं झाली की चांगला दिसला तरी बदला. तो वॉल्व्ह बसतो, मी दोन गाड्यांना बसवलाय. जॅक वर्कशॉपला जाईल तेव्हाच आटा मोजून घ्या. पण तो बसवला म्हणून टेकू सोडू नका. सोमवारी मी मोकळा आहे, हायड्रा किती वाजता येणार ते कळवा.