पाटणच्या खोऱ्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावून दाखवा, मग बोलू

कोयनाकाठ
काल इथे 'कराडकर_पुण्यात' यांनी लिहिलं की सातारा-सांगलीतली डॉक्टरची तपासणी, बँकेची कामं, कोर्टाच्या तारखा आता व्हिडिओ कॉलवर उरकता येतात. तरी लोक एसटीत बसून तालुक्याला येतात, कारण त्यांना सवय बदलायची नाही, आणि 'रेंज नाही' हे ठरलेलं निमित्त पुढे करतात. राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या वरच्या अंगाच्या वाड्यांत फोन लागावा म्हणून माणसं आजही टेकाडावर चढतात. टॉवर समोरच्या डोंगराच्या पलीकडे. बोलणं कसंबसं होतं, चेहरा दिसत नाही. कराडकरसाहेबांनी 'फोर-जी आलंय ना' म्हणून विषय संपवलाय, म्हणून जरा खोलात जातो. नुसत्या आवाजाला सेकंदाला पंचवीस-तीस किलोबिट डेटा पुरतो, आवाज दाबून लहान करणाऱ्या ओपस कोडेकवर तेवढ्यात बोलणं स्वच्छ ऐकू येतं. धड चित्राला सहाशे ते बाराशे लागतात, आणि ते नुसते येऊन भागत नाही, आपल्याकडून वर जावे लागतात. टॉवरची ताकद मोठी, आपल्या हातातल्या फोनची किरकोळ. त्यामुळे रील दिसते म्हणजे कॉल होईल, असं नसतं. रील थोडी आधीच साठवून मग दाखवतात. कॉलला ती सवड नाही. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. वाटेत हरवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, परत मागवावं तर तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं, म्हणून सहसा ते सोडूनच देतात. मग चेहरा थिजतो आणि शब्द गिळले जातात.

माझ्या आईला शुगर आहे. पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली. शहरातल्या एका दवाखान्याने 'फेरतपासणी व्हिडिओवरच' म्हणून सांगितलं. मी बॅटरी धरली, बहिणीने फोन धरला. जखम लाल आहे की काळी पडत चालली आहे, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. त्यांना स्क्रीनवर नुसते चौकोन दिसत होते. "जरा जवळ न्या" म्हणेपर्यंत कॉल तुटला. नंतर विचारलं तर नोंद काय? 'रुग्ण अनुपस्थित.' फी गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी आईला एसटीने घेऊन गेलो. हिला सवय बदलायची नव्हती का?

ज्याला व्हिडिओ सोयीचा त्याने खुशाल वापरावा. पण साध्या आवाजाची आणि समक्ष येण्याची वाट बंद करायची नाही. एवढंच मागणं आहे.

कराडकर_पुण्यात
दादा, आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण वाट बंद करा असं मी कुठं लिहिलं? ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ-तपासणीच्या सेवेत रुग्ण आरोग्य उपकेंद्रात जातो, तिथली आरोग्य अधिकारी शेजारी बसते, पलीकडे डॉक्टर. असा आधाराचा व्हिडिओ मी म्हणतोय. आणि पाटणचा डोंगर पुढे करून कराड, इस्लामपूर, तासगावची माणसं तेच कारण देतात, त्यांचं काय? माझ्या वडिलांच्या घरी फायबर आहे. तरी हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर आला की रांगेत. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन द्यायची सोय, २०१४ पासून आहे, आता तर फोनसमोर चेहरा धरला की दाखला होतो. मी सांगून थकलो.

विट्याचा_गलाई
मी कराडकरांच्या बाजूने. आमच्या खानापूर-आटपाडीतली किती घरं सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेली, तुम्हाला माहीतच आहे. मी लहान असताना वडील तमिळनाडूतून रात्री एसटीडी बूथवरून फोन करायचे. समोर मीटर पळतोय, मागे रांग, त्यामुळे आईला "बरं आहे, ठेवतो" याच्या पुढं काही ऐकायलाच मिळायचं नाही. मग नेट कॅफेत स्काइप आलं, पण गावाकडं पलीकडच्या बाजूला बसणार कोण? २०१६ ला नेट स्वस्त झालं आणि त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, तिथून आमची घरं जोडली गेली. माझी आई आता चुलीपुढं फोन उभा करते आणि सुनेला तिकडं पुरणाचा चटका किती द्यायचा ते बघून सांगते. ज्याचं माणूस लांब आहे त्याला याची किंमत विचारा.

कोयनाकाठ
गलाईभाऊ, घरच्या बोलण्याला माझा विरोध कुठाय? घरचा कॉल तुटला तर पुन्हा लावता येतो. दवाखान्याचा तुटला तर आई 'अनुपस्थित' होते.

कृष्णाकाठी_सांगली
सगळे रेंजवर बोलताय, विजेवर कोणीच नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर. वीज गेली, फोनची चार्जिंग गेली, मग टॉवरही एकेक करून मुके. आमच्या गल्लीत एका काकूंकडे तांब्याच्या तारेचा लँडलाइन होता, तो दुसऱ्या दिवसापर्यंत चालू होता. अख्ख्या गल्लीने त्यावरून नातेवाइकांना कळवलं. कारण त्या तारेला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, घरची वीज लागत नव्हती. आज सगळ्यांनी ते काढून फायबर घेतलं. लाइट गेली की घरातली फायबरची पेटी बंद, पेटी बंद की फोन बंद. याला प्रगती कसं म्हणायचं?

भिलवडीचा_पोरगा
तुमच्या गल्लीचं नशीब. आमच्याकडचा लँडलाइन पहिल्या रात्रीच मेला. खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं, नुसती खरखर. उगाच जुन्याचं कौतुक नको.

कृष्णाकाठी_सांगली
कौतुक नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

भिलवडीचा_पोरगा
आणि मी काय ऐकीव सांगतोय? आजीला उचलून माळ्यावर बसवलं होतं आम्ही. फोन हातात होता, आवाज नव्हता.

मिरजेचा_फायबरवाला
दोघंही अर्धंच सांगताय. मी जोडण्या करतो, म्हणून बोलतो. पाण्याचं भय तांब्याला. काचेच्या तारेतून प्रकाश जातो, सांधा नीट बंद असेल तर ती पाण्यात पडून राहिली तरी चालते. ती मरते जेसीबीने. रस्त्याचा ठेकेदार न विचारता खणतो, पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि शिव्या मला. तो लाल दिवा म्हणजे घरापर्यंत प्रकाशच पोचत नाही. मग पेटी दहादा बंद-चालू करून काही होत नाही, तरी लोक करत बसतात. विजेचं म्हणाल तर राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. राउटर नि फायबरची पेटी दोन्ही त्यावर टाका, काही तास निघतात. मी प्रत्येक जोडणीला सांगतो, घेत कोणी नाही.

माणदेशी
यूपीएस घ्या म्हणे! आमच्याकडं मोटारीला वीज रात्रीची, माणूस पिकाला पाणी द्यायला अंधारात विंचूकाट्यात दारं धरतोय. आधी शेतीला दिवसा वीज द्या, मग व्हिडिओ कॉन्फरन्सच्या गप्पा मारा.

भिलवडीचा_पोरगा
माणदेशी, प्रत्येक धाग्यात तुमचं हेच. विषय काय चाललाय?

माणदेशी
विषय विजेचाच आहे. तुमच्या दारात नदी आहे म्हणून तुम्हाला कळत नाही.

भिलवडीचा_पोरगा
त्या नदीनंच घर बुडवलंय आमचं. तोंड सांभाळून बोला.

वकील_साताऱ्याचे
दोघेही शांत व्हा. कोर्टाचा उल्लेख झालाय, म्हणून लिहितो. व्हिडिओवर साक्ष घेता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच मान्य केलं. महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई, साक्षीदार अमेरिकेतला डॉक्टर होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यातही, इलेक्ट्रॉनिक कामकाजाला जागा आहे. तारीख घेणं, किरकोळ अर्ज, युक्तिवाद व्हिडिओवर व्हावेत, माझ्या अशिलांचा दिवस आणि भाडं वाचतं. पण उलटतपास? साक्षीदार उत्तर द्यायच्या आधी कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाकडे बघतो, हे मला दिसलं पाहिजे. छोट्या चौकोनात ते दिसत नाही. आवाज अर्धा सेकंद मागे राहिला की माझा पुढचा प्रश्न त्याच्या आधीच्या उत्तरावर पडतो, आणि त्याला सावरायला वेळ मिळतो. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यासाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. सगळं पडद्यावर भागलं असतं तर ती मागणी कोणी कशाला लावून धरली असती?

कराडकर_पुण्यात
वकीलसाहेब, उलटतपासाचं मान्य. पण बेंच सुरू होईपर्यंत जो पक्षकार मुंबईच्या खेपा घालत राहिला, त्याला व्हिडिओ आधीच मिळाला असता तर?

वकील_साताऱ्याचे
मिळायला हवा होता. तिथे तुमच्याशी वाद नाही.

औंधची_लेक
एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही. माझे मामा निवृत्त शिक्षक. त्यांना व्हिडिओ कॉल आला, पलीकडे वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर राजमुद्रा. "तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." रात्रभर मामा खुर्चीत. मामीला पाणी आणायलाही उठू दिलं नाही. सकाळी बँक उघडल्यावर पैसे गेले. नुसता आवाज असता तर मामांनी फोन आपटला असता. चेहरा आणि वर्दी दिसली म्हणून घाबरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नसतं हे सांगितलं, ते आमच्या घरी उशिरा पोचलं. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, हेही नंतर कळलं. म्हाताऱ्या माणसांना 'सरकारी काम व्हिडिओवर होतं' असं शिकवताना हा धोका आपणच वाढवतोय. ज्याला खऱ्या साहेबाचा व्हिडिओ कॉल येऊ शकतो, त्याला खोट्याचाही खराच वाटतो.

विट्याचा_गलाई
ताई, मामांचं ऐकून वाईट वाटलं. आईला आजच सांगतो. पण त्यासाठी व्हिडिओला दोष देऊ नये, असं अजूनही वाटतं.

मिरजेचा_फायबरवाला
कोयनाकाठ, एक राहिलं. तुम्ही 'साधा आवाज' म्हणता तो फोर-जीवर व्होल्टीईने, म्हणजे फोर-जीच्याच जाळ्यातून, जातो, म्हणजे तोही पॅकेटांतूनच. फरक एवढाच की कंपनी त्याला वेगळी राखीव वाट देते. व्हॉट्सॲपचा कॉल बाकीच्या डेटाच्या गर्दीत सोडतात. म्हणून टेकाडावर एक लागतो, दुसरा लागत नाही. ११२ लासुद्धा साधाच कॉल करायचा.

कोयनाकाठ
मग माझंच म्हणणं पक्कं झालं. राखीव वाट ज्याला आहे तो मार्ग सरकारी कामात आणि दवाखान्यात कायम राहिला पाहिजे.

कराडकर_पुण्यात
ठीक आहे. व्हिडिओ लागला नाही तर त्याच वेळेत साधा कॉल, आणि तुटलेल्या कॉलची नोंद 'अनुपस्थित' करायची नाही. एवढं मान्य करतो. डोंगरातल्या लोकांबद्दल 'निमित्त' लिहिलं होतं, ते काढतो. कराड-इस्लामपूरवाल्यांबद्दलचं ठेवतो.

कोयनाकाठ
ठेवा. मी पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडतोय: उपकेंद्रात फायबर, तिथेच व्हिडिओची सोय, आणि फोनवर तपासणीचा पर्याय लेखी. वकीलसाहेब, मसुदा बघून द्याल का?

वकील_साताऱ्याचे
पाठवा. एका पानाच्या वर नको.

मिरजेचा_फायबरवाला
त्यात पेटीचा बॅटरी बॅकअप नावानिशी लिहा. नाहीतर फायबर येईल, उद्घाटन होईल आणि लाइट गेली की परत टेकाडावर.

माणदेशी
आणि दिवसा वीज.