पंचमची 'उचललेली' गाणी आणि आपली चिडचिड

दादरा_सहा_मात्रा: परवा मित्राकडे गाण्याची बैठक होती. पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं 'मेहबूबा' सुरू झालं आणि मी नको तिथे तोंड उघडलं. म्हटलं, ही चाल ग्रीक गायक डेमिस रुसोसच्या १९७४च्या 'से यू लव्ह मी'ची, 'शोले' आला १९७५ला. समोरच्याने कप असा आपटला, जणू मी त्याच्या वडिलांना चोर म्हटलं! अहो, मीही पंचमचा भक्तच. पण मूळ कुणाचं ते सांगितलं तर बिघडतं काय? 'सौभद्र' (१८८२) वगैरे संगीत नाटकांच्या जुन्या प्रती बघा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ पदाचे शब्द सरळ छापलेले असतात.

खमंग_काकडी: रुसोसने तरी कुठे स्वतः रचली? मूळ सायप्रसची लोकधून. आणि बियरच्या बाटल्यांत फुंकून काढलेला तो सुरुवातीचा आवाज? तो कुणाचा उचलला? 'चुरा लिया'चंही तेच. १९६९च्या एका इंग्रजी सिनेमातल्या गाण्याची पहिली ओळ घेतली, बास. अंतरा पूर्ण पंचमचा.

दादरा_सहा_मात्रा: पहिली ओळच तर लोक गुणगुणतात!

सदाशिव_पेठी: गंमत बघा. संगीतकार सलील चौधरींनी, आपल्या सलीलदांनी, 'छाया' सिनेमात (१९६१) मोझार्टची चाळिसावी सिंफनी घेतली, तर तो 'प्रयोग'. पंचमने पॉप घेतलं की 'चोरी'. मोझार्टचे वारस भांडायला येत नाहीत म्हणून का?

नेपथ्य: नाटकाचा दाखला चुकतोय. ती 'चाल' ऋणनिर्देश म्हणून छापत नसत. पुस्तकात नोटेशन नसायचं, मग पद म्हणायचं कसं हे नटाला कळणार कुठून? सोय होती ती. उगाच प्रामाणिकपणाचा शिक्का नको.

दादरा_सहा_मात्रा: बरं, हे मान्य. मी जरा वाहवत गेलो. पण सोयीसाठी का होईना, छापलं ना? त्याने 'सौभद्र'कार अण्णासाहेब किर्लोस्करांचं काय कमी झालं? आमच्या बैठकीत मात्र नुसतं नाव घेतलं तर चहा सांडतो.

खमंग_काकडी: कारण तुम्ही माहिती देत नाही, पकडल्यासारखं सांगता. गाणं रंगात आलेलं असताना 'हे ढापलंय हं' कशाला? संपल्यावर सांगा की.

कपवाला: तो कप माझा. आपटला नव्हता, निसटला. घरी जाऊन रुसोस दोनदा ऐकला. चाल तीच आहे, नाही म्हणत नाही. पण आवाज फार गुळगुळीत हो, पंचमसारखा घसा फाडून ओरडत नाही बुवा.