विषय: फोमच्या चिलखतांचा रंग निघतो आहे

प्रेषक: सांस्कृतिक समिती

सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या नाटकासाठी गेल्या वर्षी केलेल्या ईव्हीए फोमच्या (लवचिक, रबरासारख्या फोम शीटच्या) चिलखतांचा रंग खांद्यापाशी आणि कमरेपाशी पापुद्रे धरून निघू लागला आहे; छाती व पाठ मात्र शाबूत आहे. १९ फेब्रुवारीच्या प्रयोगासाठी यांच्यावरच स्प्रे पेंटचा आणखी एक हात मारला तर चालेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक: मंडळाचा जुना सभासद, सध्या मुक्काम सांगली

सप्रेम नमस्कार.

चिलखत जिथे वाकते तिथेच रंग निघाला, यातच कारण आले. फोम लवचिक आणि वरचा थर कडक असला, की हात उचलताच थराला चिरा पडणारच. त्यावर आणखी स्प्रे पेंट मारल्यास कडकपणाच वाढेल. माझ्या मते छाती-पाठीचे भाग पॉलिश पेपरने हलके घासून पुन्हा रंगवावेत आणि खांदे व कंबरपट्टे नवे कापावेत, कारण रंगवलेल्या फोमला पुन्हा उष्णता देणे धुरामुळे धोक्याचे असते.

नव्या तुकड्यांना चिकटवण्यापूर्वीच हीट गनने (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने) शेकावे, कारण जोड दिल्यावर जास्त शेकले तर एसआर फेव्हिकॉलचे (फोम जोडण्याच्या रबरी गोंदाचे) जोड उकलतात. गन सतत फिरती ठेवावी. फोमचा निस्तेजपणा जाऊन किंचित तुकतुकी आली, की वरची छिद्रे मिटली असे समजून पुढे सरकावे. तिथेच रेंगाळल्यास फोम आक्रसतो.

त्यानंतर रंगाखाली द्यायचा लेप हाच खरा प्रश्न. पांढरे फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून तीन-चार हात देण्याची पद्धत स्वस्त आहे, आणि विष्णुदास भाव्यांच्या या गावातही शालेय नाटकांना ती पुरते. परंतु घामाने तो थर मऊ पडतो, म्हणून गळ्याशी व काखेत तो मला पसंत नाही. तिथे प्लास्टी डिपसारखा रबरी स्प्रे मोकळ्या हवेत, पातळ थरांनी मारावा आणि प्रत्येक थर सुकू द्यावा. एकच जाड थर वरून सुकलेला दिसतो, पण आत ओलाच राहतो आणि पुढे चिकचिकतो. रंगाला हात घालण्यापूर्वी लेप दिलेली एक कातरण बोटांत दुमडून पाहावी. घडीवर पांढरी रेघ उमटली, तर तो लेप खांद्याच्या कामाचा नाही.

रंग अॅक्रिलिकच घ्यावा. आधी काळा हात, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर आणि कडांवर चंदेरी फिरवावा, म्हणजे खाचांत काळे राहून लोखंडाचा भास होतो. शेवटचा संरक्षक हात लवचिक आणि मॅट असावा. चकचकीत वार्निश रंगमंचाच्या दिव्यांत प्लास्टिकसारखे दिसते, आणि आमच्या हौशी मंडळींना नेमके तेच आवडते! तयार चिलखते उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत, उष्णतेने जोड ढिले होतात.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

मनःपूर्वक आभार. मुलांची शिरस्त्राणे थर्माकोलची आहेत. त्यांनाही हाच रबरी स्प्रे चालेल का?

प्रेषक: मंडळाचा जुना सभासद, सांगली

थेट अजिबात मारू नये. अशा स्प्रेमधील द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. आधी कागदाच्या पट्ट्या पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवून शिरस्त्राण पूर्ण मढवावे, कडाही सोडू नयेत, आणि सुकल्यावर पाण्यात कालवलेला अॅक्रिलिक रंग ब्रशनेच द्यावा.